विचारा, लाजू नका: उचल, दामदुप्पट आणि टर्मिनलचा बिघडलेला प्रॉम्प्ट

या बारीला पत्रं मोप आलीत. निम्मी देण्याघेण्याची, निम्मी कॉम्प्युटरची. संपादक म्हणले दोन वेगळी पानं करू, मी म्हणलं राहू द्या की एकातच, माझी नोकरीबी अशीच खिचडी होती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात आधी कारकून मग नाझर, म्हणजे जप्तीची वॉरंटं बेलिफाला वाटून द्यायची आणि परत आली की नोंद करायची, आणि शेवटची काही वर्षं त्याच टेबलावर उबुंटूचा कॉम्प्युटर, कारण ई-कोर्ट प्रकल्पात कोर्टांना विंडोजऐवजी लिनक्स दिलेलं. त्यामुळं टर्मिनल, म्हणजे कमांडी टाईप करून कॉम्प्युटर चालवायची खिडकी, मी नाइलाजानं शिकलो, हौस नंतर लागली. एक सांगून ठेवतो, कमांडी मी इथं बोलल्यासारख्या लिहितो, तुम्ही टाईप इंग्रजीतच करायच्या.

काका नमस्कार. आमचे आईपप्पा दरवर्षी ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामाला मुकादमाकडून कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, ऐंशी हजार उचल (आगाऊ पैसे) घेतली होती, पण पप्पाचा पाय मोडला आणि ते मधूनच परत आले. आता मुकादम म्हणतो पैसे फेडा नाहीतर जेलात घालीन, किंवा मग तुम्ही दोघं भावंडं यंदा तोडीला या. मी बारावीला आहे. खरंच जेल होते का? (धारूर तालुका, नाव छापू नका)

बाळा, आधी घाबरणं बंद कर. नुसतं देणं थकलं एवढ्या एका कारणावरून कुणालाच सरळ जेलात घालता येत नाही, मुकादमाला तर नाहीच नाही. त्याला खरंच वसूल करायचं असेल तर आधी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, तो जिंकावा लागतो, मग हुकूमनामा घेऊन दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकावी लागते, आणि तिथंबी कोर्ट पहिल्यांदा विचारतं की ह्या माणसाजवळ पैसे असून हा देत नाहीये, का नाहीतच म्हणून देत नाहीये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५१व्या कलमात हे आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर होते, स्पष्टच सांगितलं की गरीब आहे म्हणून देऊ शकत नाही अशा माणसाला आत टाकणं घटनेच्या २१व्या कलमात बसत नाही. पैसा लपवला, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली, ऐपत असून मुद्दाम टाळलं, असं काही दाखवावं लागतं.

आता टेबलापलीकडची गंमत सांगतो. हुकूमनाम्यात माणूस दिवाणी कैदेत गेलाच तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता सरकार देत नाही, ज्यानं पकडायला लावलं त्यानंच आगाऊ कोर्टात भरायचा असतो, आणि भरणं बंद केलं की माणूस सुटतो. लई जण वॉरंट मागायला जोरात यायचे, भत्त्याचं सांगितलं की खिशातला हात तसाच राहायचा. बाईमाणसाला पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच नाही. दोन हजारापर्यंतच्या रकमेला कैद नाही. आणि सूर्य मावळल्यावर ते उगवेपर्यंत अटकेसाठी घरात शिरता येत नाही, हे बेलिफाला मी दर वेळी बजावायचो, कारण आमचा एक बेलिफ लई उत्साही होता.

जप्तीचंबी असंच. त्याच संहितेचं ६०वं कलम वाचून घे कुणाकडून. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं बैलं आणि बियाणं, मजुराची मजुरी, आणि धर्माच्या रीतीनं बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, ह्याला हात लावता येत नाही. तुमच्या घरातला कोयता कायद्यानं सुरक्षित आहे असं म्हणायला हरकत नाही.

"पोरांनी यावं तोडीला" हे जे तो म्हणायलाय ना, ते मात्र त्याच्याच अंगावर येणारंय. उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर डांबून ठेवणं, दुसरीकडं जाऊ न देणं, आईबापाच्या देण्यापायी लेकराला राबवणं, ही वेठबिगारी आहे आणि १९७६च्या कायद्यानं ती बंद आहे. त्या कायद्यात असं वेठबिगारीचं कर्ज सरळ संपतं, फेडायचीच जबाबदारी राहत नाही, आणि राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडं. सगळीच उचल वेठबिगारी असते असं मी म्हणत नाही, साधी आगाऊ मजुरीबी असते, पण धमकी आली की चित्र बदलतं.

दोन ठिकाणी जपा. पप्पानं सही करून कोरा चेक दिला असेल तर तो वटला नाही म्हणून चेकच्या कायद्याच्या १३८ कलमाखाली फौजदारी होऊ शकते, तिथं नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते, ती नोटीस फेकून देऊ नका, लगेच वकिलाकडं न्या. दुसरं, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा आता तरी देऊ नका. आणि हिशोब मागा. किती टन तोडला, वजनाच्या पावत्या कुठंयत, टनाला काय भाव लावला, किती कापले. मुकादमाची वही एकट्या मुकादमाच्या हातात असते तोपर्यंत उचल कधीच फिटत नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणू नका, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते, आईच्या नावानं अर्ज कर, बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाबी लागत नाही.

सर, मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पोरं विचारतात कर्जदाराला हक्क कधीपासून मिळाले? दख्खनच्या दंग्याचा आपल्या मराठवाड्याशी संबंध होता का? (अंबाजोगाई)

गुरुजी, हक्क हा शब्द लई उशिराचा, सवलत मात्र जुनी. मला सगळ्यात आवडतं ते बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचं ४८वं कलम, इसवी सनापूर्वी १७५०च्या आसपासचं. वादळानं पीक गेलं किंवा पाण्यावाचून धान्यच आलं नाही तर शेतकऱ्यानं त्या वर्षी सावकाराला धान्य द्यायचं नाही, कराराची मातीची पाटी पाण्यानं भिजवायची आणि त्या वर्षीचं व्याजबी द्यायचं नाही. पावणेचार हजार वर्षांपूर्वी. पैसेवारी नाही, तलाठी नाही, पंचनामा नाही. त्याच कायद्यात कर्जापायी बायकोपोराला राबायला दिलं तर तीन वर्षं, चौथ्या वर्षी सोडायचं असंबी आहे, म्हणजे फार कौतुक करण्यासारखा राजा नव्हता, पण मुदत तरी बांधली. अथेन्सच्या सोलॉननं इसवी सनापूर्वी ५९४ मध्ये माणूसच तारण ठेवून कर्ज देणं बंद केलं, रोमनं ३२६च्या सुमाराला.

आपल्याकडं दामदुप्पट. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा जुन्या धर्मशास्त्रातला नियम, इंग्रजांच्या काळात मुंबई हायकोर्टानंबी तो मानला. दुसऱ्या बाजूला वसुलीचीबी आपली रीत होती, धरणं. आज आपण कलेक्टर ऑफिससमोर धरतो ते धरणं मूळचं सावकाराचं, ऋणकोच्या दारात उपाशी बसायचं, पाप त्याच्या माथी. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत ५०८वं कलम घातलं त्याचं उदाहरणच हे दिलंय की अमका तमक्याच्या दारात धरणं धरून बसला, देवाचा कोप होईल अशी भीती घालायला. शब्द तोच राहिला, बसणारा बदलला.

आता दंगे. १२ मे १८७५, बाजाराचं गाव सुपे, पुणे जिल्हा, भीमथडी तालुका. त्याच्या मागची गोष्ट पोरांना कापसापासून सांगा. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडं भाव चढले, सावकारानं हात सैल सोडले, मग युद्ध संपलं भाव पडले, त्यातच सरकारनं नव्या जमाबंदीत सारा वाढवला, आणि सावकारानं हात आवळले. वर १८५९चा मुदतीचा कायदा. तो खरं म्हणजे कर्जदाराच्या सोयीसाठी केलेला, रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, तीनच वर्षं चालायचा, पण सावकारानं काय करावं, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घ्यायचा, अंगठा कुणब्याचा आणि अक्षर सावकाराचं. म्हणून पुणे आणि नगर जिल्ह्यात लोकांनी घरं लुटण्यापेक्षा आधी काय मागितलं, तर वह्या आणि रोखे. ते मिळाले की चौकात जाळले. माणसं मारल्याचं फारसं नाही. त्यांना नेमकं ठाऊक होतं आपलं दुखणं कुठं लिहून ठेवलंय ते.

त्यावर कमिशन बसलं आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यातल्या तरतुदी बघा म्हणजे कळतं त्या जाळलेल्या वह्यांनी काय साधलं. कोर्टानं नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, सुरुवातीपासूनचा हिशोब काढायचा. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा. दिलेल्या पैशाची पावती सावकारानं द्यायची. हप्ते बांधून द्यायचे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याला अटक नाही. खुद्द इंग्लंडात तोपर्यंत काय हाल होते, लंडनच्या मार्शलसी तुरुंगात १८२४ साली चार्ल्स डिकन्सचा बाप देण्यापायी बसला होता आणि बारा वर्षांचं पोरगं बूटपॉलिशच्या कारखान्यात, तिथं कर्जाची कैद बहुतेक करून १८६९च्या कायद्यानं गेली. म्हणजे आपला कुणबी दहाच वर्षं मागं होता.

पण कुठला कुणबी, हा तुमचा प्रश्न. कायदा सुरुवातीला चारच जिल्ह्यांना, पुणे सातारा सोलापूर नगर. आपण निजामात. सीना नदीच्या पल्याड ज्याला अटक होत नव्हती त्याचा अल्याडचा सोयरा त्याच सावकाराच्या त्याच वहीत असला तरी त्याला हा कायदा नव्हता. दंगाबी आपल्याकडचा नाही आणि कायदाबी नाही, असं सरळ सांगा पोरांना, उगंच ओढून आणू नका. हैद्राबाद संस्थानात सावकारीवर कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९४०च्या आसपास, आणि भगेला म्हणजे कर्जापायी राबणाऱ्या गड्यांबद्दलचा नियम १९४३ला. भगेला हा शब्द तेलंगणाकडचा, आपण सालगडी म्हणतो, दोन्ही एकच नाहीत पण शेजारी शेजारी आहेत. फसली सालात ५९० मिळवलं की इसवी सन जवळपास येतं, घरात आजोबाचे उर्दू कागद असतील तर उपयोगी पडंल.

काका मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. व्हिडिओ बघून टर्मिनलचा प्रॉम्प्ट हिरवा निळा केला, मस्त दिसतो, पण लांब कमांड टाईप केली की ओळ खाली जायच्या ऐवजी त्याच ओळीवर परत पहिल्यापासून उमटते, सगळं एकावर एक. लॅपटॉप फॉरमॅट करू का?

अरे थांब, फॉरमॅट कशाला, एक कंस राहिलाय तुझा! प्रॉम्प्ट, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडीच्या आधी दिसणारा मजकूर, पीएस-वन नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतो. त्यात तू रंगाचे कोड घातलेस, ते पडद्यावर दिसत नाहीत पण बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडी चालवणारा प्रोग्रॅम, बिचारा ती अक्षरं मोजतो, कारण ओळ कुठं संपते हे त्याला मोजूनच कळतं. मोजणी चुकली की ओळ चुकीच्या जागी वळते. म्हणून प्रत्येक रंगाच्या कोडाच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडा चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद चौकोनी कंस लावायचा, म्हणजे बॅशला कळतं की हे मोजायचं नाही. झेडशेल वापरत असशील तर तिथं टक्क्याचं चिन्ह आणि महिरपी कंस. शेवटी रंग परत साधा करणारा शून्याचा कोड विसरू नको, नाहीतर तू टाईप केलेलंबी हिरवंच येईल.

उबुंटूत खरं तर एवढं करायचीबी गरज नाही. होम फोल्डरमधली डॉट बॅशआरसी ही बॅशच्या सेटिंगची फाईल उघड, त्यात फोर्स कलर प्रॉम्प्ट अशी एक ओळ हॅश लावून झोपवून ठेवलेली असते, हॅश काढ, फाईल सोर्स कर, म्हणजे बॅशला परत वाचायला लाव, झालं. आणि फोल्डरचं नाव लांबलचक होऊन अर्धी ओळ खात असेल तर प्रॉम्प्ट डिरट्रिम ह्या व्हेरिएबलला दोन दे, शेवटची दोनच फोल्डरं दिसतात. मी तर प्रॉम्प्टच्या मधात बॅकस्लॅश एन घालून डॉलर खालच्या ओळीवर नेलाय, डोळे थकलेल्या माणसाला बरं पडतं.

फाईल बदलायच्या आधी तिची एक कॉपी मात्र करून ठेव. मी एकदा नाही केली, आणि टर्मिनल उघडलं की लगेच बंद व्हायचं, कारण मी बॅशआरसीच्या पहिल्याच ओळीत एक्झिट लिहून बसलो होतो.

आदरणीय काका, मी लातूरला एलएलबीला आहे आणि विधी सहाय्य केंद्रात बसते. सावकारीच्या तक्रारी आल्या की व्याज काढायला दर वेळी मोबाईलचा कॅल्क्युलेटर. टर्मिनलमध्ये एकच शब्द टाईप करून व्याज निघेल असं करता येईल का?

ताई, तुझं पत्र वाचून मला संपादकाला चिमटा घ्यावा वाटला, बघा म्हणलं, एकाच पत्रात दोन्ही आलं का नाही.

एलियसनं, म्हणजे कमांडीला दिलेल्या टोपणनावानं, नाही होणार, त्याला मधात आकडे घेता येत नाहीत, फंक्शन लागेल. बॅशआरसीच्या तळाला व्याज असं इंग्रजी अक्षरात नाव, मागं रिकामा गोल कंस, मग महिरपी कंस उघडून आत गणित. डॉलर एक म्हणजे मुद्दल, डॉलर दोन म्हणजे वर्षाचा दर, डॉलर तीन म्हणजे महिने. डॉलर आणि दोन गोल कंस, आत तिघांचा गुणाकार भागिले १२००, दोन कंस बंद. पुढं एक इफ, की व्याज मुद्दलापेक्षा मोठं निघालं तर व्याज बरोबर मुद्दल. ही झाली तुझी दामदुप्पट, धर्मशास्त्र दीड ओळीत. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला स्पेस द्यायची नाही, बॅशला ती सहन होत नाही आणि चूकबी तो भलतीच सांगतो.

दोन खड्डे आहेत. बॅशला अपूर्णांक येत नाही. म्हणून आधी गुणायचं आणि भागाकार सगळ्यात शेवटी, नाहीतर ९ भागिले १२०० त्याच्या लेखी शून्य आणि सगळ्यांचं व्याज शून्य, कर्जदार खूश. आणि १२,५०० रुपये ९ टक्क्यांनी ७ महिने म्हणजे खरं ६५६ रुपये २५ पैसे, तो ६५६ सांगेल. मुद्दलाला आधी १०० नं गुणून पैशात हिशोब कर, ६५,६२५ पैसे येतात, मग टिंब आपण द्यायचं.

दर कुठला टाकायचा ते तुला माहीत असंलच, तरी वाचकांसाठी. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२, आणि शेतकरी नसलेल्याकडून १५ आणि १८, ह्याच्या वर नाही, आणि चक्रवाढ तर नाहीच. आता आपल्याकडं काय चालतं, "शेकडा पाच", म्हणजे महिन्याला. चाळीस हजार घेतले, तीस महिने झाले, सावकाराच्या हिशोबानं साठ हजार व्याज. दामदुप्पट लावली तरी चाळीसच्या वर जाता येत नाही. आणि कायद्याच्या १२ टक्क्यांनी तुझं फंक्शन सांगेल बारा हजार. साठ आणि बारा. तक्रारदाराला हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखव, त्याचा चेहरा बघ. फक्त एक, बँक पतसंस्था ह्यांचं कर्ज सावकारी कायद्यात येत नाही, तिथं हे फंक्शन चालवून भांडायला जाऊ नको.

अजून एक कर. हिस्ट-टाईम-फॉरमॅट हे व्हेरिएबल बॅशआरसीत घाल, म्हणजे हिस्टरी म्हणल्यावर प्रत्येक कमांडीसमोर तारीख वेळ येते, कुणाचा हिशोब कधी काढला ते आठवायला नको. उबुंटूत मुळात हजारच ओळी लक्षात राहतात, हिस्टसाईझ वाढव. आणि कमांडीच्या आधी एक स्पेस दिली की उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये ती वहीत चढतच नाही. तक्रारदाराचं नाव टाईप करायचं असेल तेव्हा वापर. ही सोय बघून मला आमच्या गल्लीतला एक दुकानदार आठवतो, तोबी काही उधाऱ्या वहीत लिहायचा नाही, पण त्याच्या लक्षात सगळ्या असायच्या आणि आपल्या नसायच्या.

काका, टर्मिनलमध्ये मराठी लिहिलं की काना मात्रा वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलला तरी तेच. (हिंगोली)

फॉन्टचा दोष थोडा, घडणीचा जास्त. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही, एका चौकटीत एक अक्षर, ही सवय टाईपरायटरसारख्या टेलिटाईप यंत्रापासूनची, आणि ८० रकान्यांची रुंदी तर पंचकार्डावरून आलेली, १९२८ची आयबीएमची कार्डं. आपलं "क्ष" किंवा "र्‍ह" अशा चौकटीत कसं बसावं? काही टर्मिनलं जरा बरी आहेत, केडीईचं कॉन्सोल लावून बघ. नाहीतर मी करतो ते कर, टर्मिनलला इंग्रजीत राबव आणि मराठी मजकूर एडिटरमध्ये उघड. फायलीचं नाव मराठीत ठेवलं तर तिथपर्यंत जायला टॅब दाब, टाईप करत बसू नको.

नमस्कार दादा, मी जालन्याची. मोबाईलवरच्या एका ॲपवरून सात हजार घेतले, हातात पाच आले, आठ दिवसात परत मागायलेत, माझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन करून शिव्या देतात, रात्री अकरालासुद्धा.

ताई, हे सावकारापेक्षा वाईट, सावकार निदान गावातल्या चारचौघांना लाजतो. रिझर्व्ह बँकेचे नियम साधे आहेत. कर्जाची रक्कम सरळ तुमच्या खात्यात, आधी सगळे खर्च आणि वर्षाचा एकूण दर लिहून दिलेला कागद, ठरलेल्या दिवसांत कर्ज परत करून मोकळं व्हायची सोय, आणि ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट किंवा फोटो बघायची परवानगी नाही. वसुलीचा फोन सकाळी ८च्या आधी नाही, संध्याकाळी ७च्या नंतर नाही, नातेवाइकांना त्रास तर मुळीच नाही. हे २०२२ पासून आहे.

म्हणून पहिल्यांदा त्या ॲपच्या मागं कुठली बँक किंवा वित्त कंपनी आहे ते शोधा. सापडली तर आधी तिच्याकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, १४४४८ वर फोन करून विचारता येतं. मागं कुणीच नसेल तर ते कर्ज देणारे नाहीतच, सायबर पोलिसाकडं जा, १९३० नंबर. फोनच्या सेटिंगमधून आज आत्ता ॲपच्या परवानग्या काढा, पण ॲप उडवायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, मेसेज, कॉलची वेळ, पैसे आल्याची नोंद. आणि घरात सांगून टाका. त्यांचा सगळा धंदा तुम्ही लपवून ठेवाल ह्या भरवशावर चालतो.

काका विंडोजवाल्यांना तुमच्या पानावर काहीच का नसतं? (परतूर)

असतं की. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, लावा, आत उबुंटू येतो, वर सांगितलेलं सगळं तसंच चालतं.

रामराम. २०१६च्या दुष्काळात बहिणीच्या लग्नाला गावातल्या एकाकडून तीन लाख घेतले. व्याजाचं पत्र लिहायच्या ऐवजी त्यानं दोन एकराचं खरेदीखतच करून घेतलं, म्हणला पैसे दिले की पलटून देतो. आता पैसे घेऊन गेलो तर म्हणतो रान माझं आहे, भाव वाढलाय. वकील म्हणतात रजिस्टर खरेदीखत आहे, काही होणार नाही. (परभणी जिल्हा)

रामराम भाऊ. तुमचा वकील अर्धं खरं बोलला. दिवाणी कोर्टात रजिस्टर खरेदीखत उलटवणं जड आहे, पण तुम्हाला त्या दारानं जायचंच नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४, कलम १८. अर्ज जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था, म्हणजे सावकारीसाठी तेच जिल्हा निबंधक, परभणीतच ऑफिस. सावकारीच्या व्यवहारात कर्जाचं तारण म्हणून जमीन गेली असेल, मग कागदावर खरेदीखत लिहिलेलं का असंना, आणि ती अर्जाच्या आधी १५ वर्षांच्या आत गेली असेल, तर चौकशी करून तो दस्त अवैध ठरवून जमीन परत द्यायचा हुकूम करायचा अधिकार त्यांना आहे. तुमचं २०१६चं आहे, मुदतीत बसतं, पण बसलंय म्हणून बसून राहू नका. तो माणूस परवान्याशिवाय हा धंदा करत असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार दंड किंवा दोन्ही, ते वेगळं.

तिथं प्रश्न एकच येणार, हे कर्ज होतं का खरीच विक्री. घरगुती एकदा दिलेली उसनवारी आणि सावकारीचा धंदा ह्यात फरक करतात, म्हणून त्यानं गावात अजून कुणाकुणाची रानं अशीच करून घेतलीत ते बघा, रजिस्ट्री ऑफिसात त्याच्या नावाचा शोध घ्या, चारपाच खरेदीखतं निघाली की तुमचं बोलणं आपोआप खरं वाटायला लागतं. दस्तातली किंमत आणि त्या वेळच्या रेडीरेकनरचा भाव शेजारी ठेवा, दोन एकर तीन लाखाला कुणी विकतं का. खरेदीखतानंतरबी रान तुम्हीच पेरत होता का, सातबाऱ्यावर पीकपेरा कुणाचा, सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर, वीजबिल कोण भरतंय. त्याला मधून मधून व्याज दिलं असेल तर फोनपेच्या नोंदी काढा, विकत घेतलेल्या रानाचं व्याज कोण कुणाला देतं? धुऱ्याशेजारचा एखादा माणूस साक्षीला तयार करा, आणि त्या घेणाऱ्याशी परत बोलायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका.

तीन लाख रोख घेऊन मात्र आता त्याच्या घरी जाऊ नका भाऊ. पावती देणार नाही तो.